हळद की मेंदी, असं विचारणारी वसुधा

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, दिवसातून तेवढाच वेळ मी गप्प असते. समोर एक नवरी ब्लाऊजच्या ट्रायलला उभी, माझा एक हात तिच्या खांद्यावर, आणि काउंटरवर फोन थरथरत होता. नाव वसुधाचं होतं, म्हणून मी कोपरानंच स्पीकर लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "मंदाताई, मी वसुधाताईचा भाऊ. ताई गेली." सकाळी चहाचं आधण ठेवून ती खुर्चीत बसली, आणि बसूनच राहिली... तो सांगत होता आणि मी एकेक टाचणी तळहातावर काढत होते. आता हुंदका आला आणि एखादी गिळली गेली तर, एवढंच डोक्यात होतं. आधी भीती आली. दुःख मागून आलं, सावकाश, पायऱ्या मोजत. वसुधाच्या बाबतीत ते बरोबरही होतं म्हणा, कारण आमच्या मैत्रीतली पहिली गोष्टही भीतीच होती.

दारव्ह्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्याइतकी भित्री मुलगी मी पाहिली नाही. म्हैस दिसली की ती माझ्या पाठीमागे जायची, आणि आमच्या रस्त्यावर म्हशी कमी नव्हत्या, त्यामुळे माझं अर्धं बालपण ढाल म्हणून गेलं. ती विहिरीत कधी वाकून पाहायची नाही, आणि जीपमध्ये मागच्या फळीवर तर बसायचीच नाही. मोठी होऊन यवतमाळला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागली, तरी दारव्ह्याची पाटी डोक्यावर लावून उभ्या असलेल्या एसटीजवळ ती तीन माणसांना विचारायची, ही दारव्ह्यालाच जाते ना? मी म्हणायचे, "वसू, तू दिवसभर जंतूंमध्ये हात घालून बसतं, अन् म्हशीले भेतं?" ती अगदी गंभीरपणे म्हणायची, "जंतू अंगावर धावून येत नाही, मंदे."

काही वर्षांपूर्वी एका दुपारी ती माझ्या दुकानात आली. माझं दुकान म्हणजे दोन शिलाई मशीन, एक काउंटर आणि मागे पडदा लावलेली ट्रायल रूम. पंख्याखाली बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुह्या दुकानात बाया तोंड उघडतात. मले बाया पाह्यजे. निरोगी."

"निरोगी? दारव्ह्यात? नवऱ्यासकट पाह्यजे का बिगर नवऱ्याच्या?"

ती हसली नाही. तिनं सांगितलं की निरोगी बाईच्या योनीत जंतूंची एक वस्ती असते, ती तिथं असणंच चांगलं असतं, आणि ती वस्ती काळाप्रमाणे बदलत राहते. पाळी येते, नवरा गावाहून येतो, बाळंतपण होतं, वय होतं, तशी बदलते. किती बदलते, परत मूळपदावर येते का, हे आपल्याकडच्या बायांमध्ये तिला पाहायचं होतं. 'योनी' हा शब्द तिनं माझ्या काउंटरवर सुटे पैसे ठेवावेत तसा ठेवला. मी धावत जाऊन शटर अर्धं खाली ओढलं.

कॉलेजच्या समितीची परवानगी तिनं आणली होती. ज्या बाया तयार होतील त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी यायचं, ट्रायल रूममध्ये जाऊन स्वतःच कापसाची काडी फिरवायची, एका छोट्या कागदी पट्टीला ती लावायची, आणि मग काडी नळीत बंद. नळ्या बर्फाच्या डब्यातून यवतमाळला जायच्या. बर्फ माझ्या घरच्या फ्रीजचा. तिथं माझ्या सासूबाईंनी पहिला मोर्चा काढला. "माह्या दह्याले काही होणार नाही ना व?" वसुधा समजावायला गेली आणि म्हणाली, "मावशी, घाबरू नका, हे तुमच्या दह्यातल्या जंतूंचे चुलतभाऊच होय. आंबट करतात, अन् वाईट जंतूंले जवळ येऊ देत नाहीत." सासूबाईंनी त्यानंतर कितीतरी दिवस दह्याला हात लावला नाही, आणि मला मात्र कढीकडे पाहिलं की हसू फुटायचं.

पण खरी भीती वेगळीच होती. जवळच्या तांड्यावरून बाजाराला येणारी जमुनाबाई माझी जुनी गिऱ्हाईक. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाशी धरला. "बाई, आमी केस विंचरले तरी गुंता फेकत नाही, पुरतो. नखं पुरतो. अन् तुमी त थेटच नेऊन राह्यल्या. कोनाच्या हाती गेलं त?" करणीची भीती होती ती, आणि माझ्या मशीनवर बसलेल्या बायांपैकी एकही हसली नाही, मीसुद्धा. वसुधाही हसली नाही. म्हशीला भिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या भीतीची थट्टा करता येत नसावी. तिनं जमुनाबाईला एसटीत बसवून यवतमाळला नेलं आणि काम झाल्यावर नळ्या ज्यात उकळून टाकतात तो प्रयोगशाळेतला मोठा कुकर दाखवला. जमुनाबाई परत आली आणि तिनं जाहीर केलं, "शिट्टी होते त्याची. मी ऐकली." मग तांड्यावरच्या बायाही आल्या.

त्या कागदी पट्टीनं मात्र घोटाळा केला. आंबटपणा असला की पट्टी पिवळी राहायची, कमी झाला की हिरवट व्हायची. वसुधाच्या दृष्टीनं ती एक साधी नोंद. पण बायांच्या डोळ्यांसमोर रंग बदलतो आणि त्या त्याला नाव देत नाहीत, असं होईल का? पिवळी म्हणजे हळद, हिरवी म्हणजे मेंदी. पडद्याआडून बाई बाहेर आली की वसुधा हळूच विचारायची, "हळद की मेंदी?" आणि बाहेर पिशव्या घेऊन बसलेल्या पुरुषांना वाटायचं, आत लग्नाचा बस्ता चालला आहे. मला तर रंगभूमीच मिळाली. मी आत-बाहेर करत प्रत्येकीला टाळी द्यायचे. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की हळदीच्या बाया मान वर करून बाहेर येतात, आणि मेंदीच्या खाली घालून.

माझी धाकटी जाऊ सविता पहिल्या आठवड्यापासून येत होती. दोन लेकरं, तब्येत ठणठणीत, नवरा पुण्याला कंपनीत, सणावाराला घरी. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी तिची मेंदी आली. पुढच्या वेळीही मेंदी. वसुधानं सांगितलं की असं होतं, पाळीच्या आसपास होतं, नवरा घरी येऊन गेला तरी होतं, काही बायांमध्ये कारण नसतानाही होतं. "एकदा पाहून काही ठरत नाही, सविता. बाजाराच्या दिवशी कोणी दारव्ह्यात आलं त म्हणेल, इथं पाय ठेवायले जागा नाही. दुसऱ्या दिवशी येईल त म्हणेल, गाव ओस पडलं. गाव थेच असते ना?" सविता मान डोलवायची. पण तिच्या माहेरी तिच्या मोठ्या बहिणीची गर्भपिशवी तरणेपणीच काढून टाकली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवायला गेली आणि पिशवी देऊन आली. आमच्या भागात ही गोष्ट इतकी सहज होते की बाया एकमेकींना विचारतात, "तुही आहे का काढली?" जणू दाढच आहे.

मेंदी सलग काही आठवडे येत राहिली आणि सवितानं बोलणं कमी केलं. एका सकाळी ती दुकानात फुलाफुलांचं सुती कापड घेऊन आली. "वैनी, याचा एक गाऊन शिवून द्या. पुढून बटनाचा." आता हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मी शिवणारी बाई आहे. पुढून बटणाचा, सैल, कमरेला नाडी नसलेला गाऊन आमच्याकडे दोनच कारणांसाठी शिवतात. बाळंतपणासाठी, नाहीतर पोटाच्या ऑपरेशनसाठी. आणि सवितानं दोन लेकरांवर ऑपरेशन करून घेतलेलं होतं.

"कायले पाह्यजे?"

ती कात्रीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "तारीख भेटली. ताई सोबत येनार आहे." ती बहिणीबरोबर दुसऱ्या गावी, बहिणीच्याच डॉक्टरकडे जाऊन आली होती. पट्टी हिरवी होते हे तिनंच सांगितलं, आणि त्यानं सांगितलं की आज ना उद्या कॅन्सर होईल, पिशवी ठेवून करायचं काय, लेकरं झाली आहेत. "लेकरं लहान आहे, वैनी. मले काही झालं त त्याईचं कोन पाहील? काढून टाकली की मिटलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. मी त्या कापडावर हात ठेवून उभी राहिले. मग मी वसुधाला फोन लावला.

वसुधा दुपारच्या एसटीनं आली. मला वाटलं होतं, ती येईल आणि ठणकावून सांगेल, काही झालेलं नाही, गप घरी बस. तिनं तसं काहीच सांगितलं नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मंदे, मी डॉक्टर नाही. मी जंतू पाह्यते, बाई पाह्यत नाही. मी नको म्हटलं अन् खरंच आत काही असन त?" तिचे ओठ कोरडे पडले होते. "हो म्हटलं, अन् काहीच नसन त?" मी तिला म्हशीच्या बाजूनं नेत असे तशी दंडाला धरून सवितापुढे बसवली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तारीख पुढं ढकल. आधी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमले दाखवू. त्या म्हणतील थे कर. मी येतो सोबत."

दवाखान्यातला तो बाक मी विसरणार नाही. भिंतीला टेकलेला, लोखंडी, एक पाय आखूड, कोणी उठलं की बाकीच्या सगळ्या डुगडुगायच्या. सविता मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. आतून नावं पुकारली जात होती. मी माझ्या परीनं किस्से सांगून पाहिले. सासूबाई आणि दही सांगितलं, सविता हसली नाही. वसुधाचा हात माझ्या हाताला लागला, तो बर्फाच्या डब्यातून काढल्यासारखा होता. मग मलाही वाटलं, खरंच काही निघालं तर? तर हिनंच आमच्या घरी ती पट्टी आणली होती, असं आयुष्यभर म्हटलं जाईल, आणि सगळ्यांच्या आधी ते ती स्वतःच म्हणेल.

मॅडमनी तपासताना आम्हाला आत बोलावलं. तपासणी झाली, कॅन्सर आहे का ते पाहायला पेशींची चाचणी पाठवली, आणि हात धुता धुता त्यांनी सहज विचारलं, "आतून काही वापरता का? धुता का कशानं?"

"हाव ना," सविता म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात जरा अभिमान होता. "रोज. दोन टाईम. साबनानं अन् त्या जंतू मारायच्या औषधाच्या पान्यानं. पयले बाजाराच्या दिवशीच करत होतो. मंग पट्टी हिरवी येत गेली त रोज कराले लागली."

वसुधा भिंतीला टेकली. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना बजावलं होतं, आतून धुऊ नका, काही नका करू, जशा आहात तशा या. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. "पन असं कसं येनार, बाई?" सविता तिच्याकडे वळली. "तुमी यवतमाळवरून येता. तुमच्यापुढं घान कशी ठेवू?" घरी पाहुणा यायचा म्हणजे आधी अंगण झाडायचं, तसंच होतं हे. बिचाऱ्या चांगल्या जंतूंना साबण लावून हाकलायचं, त्यानं पट्टी हिरवी, पट्टी हिरवी म्हणून भीती, आणि भीती म्हणून अजून साबण. आणि या चक्राच्या शेवटी ऑपरेशनची तारीख. मॅडम म्हणाल्या, धुणं बंद करा, चाचणी येऊ द्या, पिशवीला धक्का लावायचं काही कारण मला दिसत नाही. खाज सुटली, घाण वास आला, पाळीखेरीज रक्त गेलं, दुखलं, तर लगेच या. नुसत्या रंगाला भिऊन नाही.

चाचणी चांगली आली. फुलाफुलांच्या त्या कापडाचे सविताच्या पोरीला दोन फ्रॉक झाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी वसुधानं सगळ्या बायांना बसवून विचारलं, तेव्हा एकेकीची मान खाली गेली. सगळ्याच जणी घासूनपुसून येत होत्या. जमुनाबाईला तर राग आला. "देवाले जाताना अंग धुतो. तुमच्याकडं तसंच यावं म्हन्ता? लाज नाही वाटनार?" वसुधाला त्या आठवड्यांचे सगळे नमुने बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करावी लागली. 'जशा आहात तशा या' हे बायांना करणीपेक्षा अवघड गेलं. पण आल्या. आणि मग तिला दिसलं की काहींची वस्ती महिनेच्या महिने तशीच राहते, काहींची आठवड्यात पालटते आणि पाळीनंतर परत जागेवर येते, आणि काहींमध्ये ते दह्याचे चुलतभाऊ मुळात फारसे नसतातच, तरी बाई धडधाकट. हे ती मला सांगायची तेव्हा तिला आनंद व्हायचा आणि लगेच चेहरा उतरायचा. म्हणायची, "बाया मले विचारतात, चांगली कोणती? मी काय सांगू? एक चांगली नाहीच आहे."

सवितावर तिचा जीव जडला, असं आम्हाला वाटलं. अभ्यास संपला तरी तिचा दर महिन्याला सविताला फोन. कधी तुरीच्या दाण्याची उसळ कशी करायची, कधी लोणच्याला मोहरी किती, कधी पोरीची शाळा. शेवटी जाता जाता, "बरी आहेस ना? काही त्रास नाही ना?" सविता मला म्हणायची, "एकटी आहे ना बिचारी, बोलाले कोनी नाही." मीही तेच समजत होते. मला ती तसं कधी विचारायची नाही. माझी पाळी जायला आली, अंगात कोरड पडली, तेव्हा मीच चेष्टेत तिला म्हटलं, "आता माही पर्मनंट मेंदी का व?" ती म्हणाली, "या वयात तशीच येते. पण एकदा दाखवून घे." मी हसण्यावारी नेलं. दाखवायचं म्हणजे तो बाक आला, आणि त्या बाकाला मी भीत होते. अजूनही भिते.

तेराव्याला आम्ही यवतमाळला गेलो. वसुधाच्या भावानं नाव ऐकलं आणि तो सविताकडे पाहतच राहिला. "तुम्हीच का त्या? ताई दर वर्षी देवापुढं तुमच्या नावानं दिवा लावायची. म्हणायची, मी या बाईचं ऑपरेशन थांबवलं, देवा, मी चुकलेली नसू दे."

परतीच्या एसटीत सविता खिडकीशी बसली होती. लाडखेड मागं पडलं. मग म्हणाली, "म्हणजे वैनी, तिले खात्री नोहती?"

"नसन."

"इतकी वर्षं?"

वसुधाला कशाचीच खात्री नसायची. डोळ्यांसमोरच्या पाटीचीसुद्धा नाही. सविता पुन्हा बाहेर पाहू लागली. तिचे हात मांडीवर घट्ट होते, आणि मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा साबण आणील, पुन्हा बहिणीला फोन करील. दारव्हा आलं तेव्हा ती उठून उभी राहिली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "सोमवारी आपन दोघी दवाखान्यात जाऊ. माही ते चाचनी पुन्हा कराची वेळ झाली. अन् तुमी त दाखोलंच नाही अजून."

तर गेल्या सोमवारी मी त्या बाकावर बसले होते. त्याचा पाय अजून आखूडच आहे. सविता माझ्या शेजारी, आणि तिच्या पलीकडे, तेव्हा वसुधा बसली होती ती जागा रिकामी. गर्दी होती, बाया उभ्या होत्या, पण सवितानं तिथं आपली पिशवी ठेवली होती आणि कुणी मागितली तरी उचलत नव्हती. मी किस्सा सांगायला तोंड उघडलं आणि एकही आठवेना. आतून नर्सनं विचारलं, दारव्ह्याच्या दोघी, पहिली कोण?

"ह्या," सविता म्हणाली आणि माझ्याबरोबर उठली. बाक डुगडुगला. तिनं माझा दंड धरला आणि मला दारापर्यंत नेलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.